ब्रिटन गाडीने: बी-अँड-बीत मुक्काम करत फिरायचं तर

ब्रिटनची सहल आखताना बहुतेक जण आधी नकाशावर रेघा ओढतात आणि मग वाटेत झोपायची सोय शोधतात. बी-अँड-बीत उतरायचं असेल तर हा क्रम उलटा करा. बी-अँड-बी (‘बेड अँड ब्रेकफास्ट’) म्हणजे नाश्त्यासकट खोली देणारं कुणाचं तरी राहतं घर, आणि तिथे वेळापत्रक त्या घराचं चालतं. नाश्ता साधारण आठ ते नऊ, खोली सोडायची दहा-साडेदहाला, नवा पाहुणा घ्यायचा दुपारी चार ते सहा-सातच्या दरम्यान. रात्रीचं जेवण सहसा घरात मिळत नाही. ते गावातल्या पबमध्ये घ्यायचं, आणि खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. म्हणजे प्रवास, बघणं, दुपारचं खाणं या सगळ्याला मिळून हातात सहा-सात तास राहतात. मुक्काम हलवायच्या दिवशी म्हणूनच १२० मैलांच्या, म्हणजे साधारण १९० किलोमीटरच्या, वर जाऊ नका. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात १०० मैल पुरे. नकाशाचं ॲप तीन तास म्हणालं की चार-साडेचार धरा.

शक्य तिथे एका ठिकाणी दोन रात्री राहा. रोज बॅगा भरून, जिन्यावरून उतरवून, डिकीत कोंबायच्या म्हणजे तिसऱ्या दिवशीच घरात चिडचिड सुरू होते. शिवाय शनिवार-रविवारी बरीच घरं एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत.

मार्ग आणि महिना

मे, जून आणि सप्टेंबर हे चांगले महिने. जूनमध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला रात्री दहापर्यंत उजेड असतो. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर इंग्लंडच्या शाळांना सुट्टी असते, भाव चढतात आणि ऑगस्टमधल्या महोत्सवांमुळे एडिंबरात खोली मिळणं मुश्किल होतं. मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार सार्वजनिक सुट्टीचा, त्याला लागून येणारा शनिवार-रविवार गर्दीचा. नोव्हेंबर ते मार्च स्काय बेटावरची बरीच बी-अँड-बी बंद असतात आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना झेपेल असा पूर्ण फेरा सोळा रात्रींचा होतो. हीथ्रोहून गाडी घेऊन स्टोनहेंज करत बाथ (दोन रात्री), लडलो (एक), वेल्समधलं कॉन्वी (दोन), लेक डिस्ट्रिक्टमधलं केझिक (दोन), ग्लेन्को (दोन), स्काय बेटावरचं पोर्ट्री (दोन), इन्व्हरनेस (एक), एडिंबरा (दोन), यॉर्क (दोन) आणि परत हीथ्रो. यात काही टप्पे वर सांगितलेली मर्यादा मोडतात, त्यांतले सर्वांत लांब तीन. केझिक ते ग्लेन्को, एडिंबरा ते यॉर्क आणि यॉर्क ते हीथ्रो, प्रत्येकी दोनशे मैलांच्या आसपास किंवा थोडे वर. त्या दिवशी नाश्ता करून थेट निघायचं आणि वाटेत एखादाच थांबा ठेवायचा. ग्लेन्कोच्या दिवशी तो लोमंड सरोवराकाठी घ्या, कारण पुढचा ए८२ रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे.

हातात दहाच दिवस असतील तर अर्धा फेरा करा. एकतर बाथ, वेल्स आणि लेक डिस्ट्रिक्ट, नाहीतर रेल्वेने एडिंबराला जाऊन गाडी तिथून घ्या आणि फक्त स्कॉटलंड बघा. दहा दिवसांत सगळं उरकायला गेलं की निम्मी सहल मोटरवेवर जाते, आणि ब्रिटनचा मोटरवे म्हणजे लांबच लांब कंटाळा.

लंडन गाडी न घेता बघा. गर्दीच्या भागाचा कर, प्रदूषण-क्षेत्राचे नियम, पार्किंगचे दर आणि बसच्या राखीव मार्गिका, यांतलं काहीच नवख्याच्या सोयीचं नाही. प्रिमरोझ हिलजवळचं डॉ. आंबेडकरांचं घर बघायचं असेल (महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं) तर भुयारी रेल्वेने चॉक फार्मला उतरा. गाडी ताब्यात घ्यायची ती लंडन सोडायच्या दिवशी. मुंबईहून विमानातून उतरल्या उतरल्या, झोप न झालेल्या अवस्थेत चाक हातात घेऊ नका.

परवाना, कार्ड आणि गाडी

पाहुणा म्हणून गेलेल्याला भारतीय परवान्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बारा महिने कार चालवता येते. महाराष्ट्रातल्या स्मार्ट कार्डावर मजकूर इंग्रजीत असतो, त्यामुळे वाचण्याचा प्रश्न येत नाही. मूळ कार्ड लागतं, फोनमधली डिजिटल प्रत काउंटरवर चालत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना कायद्याने सक्तीचा नाही, पण काही भाडे-कंपन्या तो मागतात. आरटीओतून निघण्याआधीच काढून ठेवला तर वाद टळतो. कंपन्यांची वयाची अट वेगवेगळी असते आणि पंचविशीच्या आतल्यांना सहसा जादा आकार पडतो.

काउंटरवर गाडी अडते ती बहुधा कार्डामुळे. अनामत रोखायला क्रेडिट कार्ड हवं, तेही मुख्य चालकाच्याच नावाचं. नवऱ्याच्या नावावर गाडी आणि बायकोच्या नावावर कार्ड असलं की तिथेच सगळं थांबतं. भारतीय कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद असू शकतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, मर्यादा वाढवा. ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी येईल, म्हणून भारतीय सिमवर निदान एसएमएस येईल इतकं रोमिंग ठेवा.

गाडी ठरवताना ऑटोमॅटिक हवी असेल तर ती स्पष्ट निवडा, स्वस्त गाडी बहुधा गिअरचीच असते. मोठी गाडी घ्यायचा मोह आवरा. दोन माणसं आणि दोन मोठ्या बॅगांना फोक्सवॅगन गोल्फच्या आकाराची हॅचबॅक पुरते. वेल्स आणि लेक डिस्ट्रिक्टच्या गल्लीबोळांत दोन्ही बाजूंना दगडी बांध किंवा झुडपांच्या भिंती असतात आणि समोरून ट्रॅक्टर येतो. अशा वेळी दर दहा सेंटिमीटर रुंदी मोलाची वाटते.

विम्यात एक रक्कम तुमच्या अंगावर राहते, ती बऱ्याचदा हजार ते दोन हजार पौंड असते. टायर, काच आणि गाडीचा तळ त्यातून अनेकदा वगळलेले असतात, आणि नवख्यांचं नुकसान होतं ते नेमकं डाव्या टायरचं, फुटपाथच्या कडेला घासून. ही रक्कम भरून देणारी वेगळी पॉलिसी बाहेर स्वस्त मिळते. घेण्याआधी ती भारतात राहणाऱ्याला लागू आहे का ते वाचा, काही पॉलिसी फक्त तिथल्या रहिवाशांसाठी असतात. शिवाय अशा पॉलिसीत आधी तुम्ही कंपनीला पैसे भरता आणि मग ते परत मागता.

गाडी ताब्यात घेताना चारही चाकांच्या रिम, चारही कोपरे, पुढची काच, इंधनाचा काटा आणि मैलांचा आकडा यांचे फोटो काढा. स्टेपनी आहे का विचारा. अनेक गाड्यांत ती नसते, पंक्चरसाठी फेसाची बाटली आणि छोटा पंप असतो. टायर बाजूने फाटला असेल तर त्याचा उपयोग नाही, मदतीचा नंबरच फिरवावा लागतो. बारा वर्षांखालच्या, १३५ सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला वेगळं आसन लागतं. ते गाडीबरोबरच मागून ठेवा.

रस्ता: जे सारखं दिसतं पण सारखं नाही

गाडी डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून आपण निर्धास्त असतो. तरी पहिल्या दोन दिवसांत सवयी आड येतात. त्यातली सर्वांत धोकादायक दिव्यांची. आपल्याकडे समोरच्याने हेडलाइट चमकवले की अर्थ होतो, ‘मी येतोय, थांब.’ ब्रिटनमध्ये रोजच्या व्यवहारात त्याच चमकेचा अर्थ बहुधा ‘तू ये, मी थांबलोय’ असा घेतला जातो. अरुंद पुलावर तुम्ही दिवे चमकवून पुढे घुसलात तर समोरचाही त्याच क्षणी निघालेला असतो. नियमपुस्तिकेत हा फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच इशारा आहे, म्हणून समोरची गाडी खरोखर थांबली आहे हे डोळ्यांनी बघूनच निघा आणि स्वतः दिवे चमकवणं टाळा. हॉर्नही विसरा. उभ्या गाडीतून तो वाजवायला मनाई आहे, आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात अजिबात नाही.

राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पहिल्याच रस्त्याला वळायचं असेल तर डावी मार्गिका आणि डावा इंडिकेटर. सरळ जायचं असेल तर शिरताना इंडिकेटर नको. आपल्या आधीचा फाटा मागे पडला की डावा द्या. उजवीकडे जायचं असेल तर उजवी मार्गिका, उजवा इंडिकेटर, आणि बाहेर पडण्याआधी डावा. फाटा चुकला तर मध्येच ब्रेक न दाबता आणखी एक फेरी मारा. कुणी काही म्हणत नाही. रस्त्यावर नुसता पांढरा गोल रंगवलेला दिसला तरी तो छोटा राउंडअबाउटच आहे, नियम तोच.

वेग मैलांत असतो. दिव्यांचे खांब असलेल्या वस्तीत ३०, दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ६०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ७० (म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर). पांढऱ्या गोलावर काळी तिरपी पट्टी असलेली पाटी म्हणजे ‘राष्ट्रीय मर्यादा’, ‘वाटेल तितकं पळवा’ नव्हे. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतली मर्यादा २० झाली आहे. काही रस्त्यांवर ती पुन्हा ३० केली, म्हणून पाटी बघत चला. इन्व्हरनेसहून दक्षिणेला येणाऱ्या ए९ वर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. कॅमेऱ्यापुरतं हळू होऊन तिथे भागत नाही. दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कमी आहे. चालवणाऱ्याने न घेणं हाच सरळ हिशेब.

मोटरवेवर डावीकडे राहा, ओलांडायला उजवीकडे जा आणि ओलांडून झालं की परत डावीकडे या. मधल्या मार्गिकेत रेंगाळण्याबद्दल दंड होतो. मार्गिकेवर लाल फुली दिसली की ती बंद आहे.

स्काय आणि उत्तरेकडच्या एकेरी रस्त्यांवर ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घ्यायच्या जागा असतात, त्यांना ‘पासिंग प्लेस’ म्हणतात. जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरून थांबा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर, आपल्याच बाजूला थांबा म्हणजे समोरचा त्या खोलगट भागातून वळसा घालून जाईल. मागे कुणी खोळंबला असेल तर त्यालाही तिथेच पुढे जाऊ द्या, तो बहुधा कामावर निघालेला स्थानिक असतो. जाताना स्टिअरिंगवरून हात उचलून दाद द्यायची रीत आहे. फोटो काढायला त्या जागेत गाडी लावून जाणं मात्र तिथल्या लोकांना अजिबात खपत नाही.

नकाशाच्या ॲपला लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोळे झाकून मानू नका. ॲम्बलसाइडहून पश्चिमेला जाताना ते जवळचा रस्ता म्हणून हार्डनॉट खिंड दाखवू शकतं. तिथला चढ तीनाला एक इतका, म्हणजे ३३ टक्के आहे, रस्ता एकेरी आणि वळणं केसपिनीची. भाड्याच्या गाडीने तिथे जाऊ नका. एडिंबराहून यॉर्कला येताना होली आयलंड करायचं असेल तर नॉर्थम्बरलंड कौन्सिलचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो आणि पाटी वाचूनही गाड्या दर वर्षी तिथे अडकतात.

पंपावर स्वतःच भरायचं. पेट्रोलचं नोझल हिरवं, डिझेलचं काळं. आधी भरा, पंपाचा क्रमांक लक्षात ठेवा आणि आत जाऊन पैसे द्या. सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त, मोटरवेवर सर्वांत महाग. हा पूर्ण फेरा आजूबाजूचं धरून १८०० मैलांच्या आसपास जातो. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर दोनशेच्या आतबाहेर लिटर लागतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला पंप लांब लांब असतात, टाकी अर्धी झाली की भरून घ्या.

दुहेरी पिवळ्या रेषेवर गाडी लावायची नाही. एकेरी पिवळीवर वेळा पाटीवर लिहिलेल्या असतात. बऱ्याच पार्किंगमध्ये दारावरचा कॅमेरा नंबर टिपतो, त्यामुळे ‘पाचच मिनिटं’ हा युक्तिवाद चालत नाही. यंत्राला तुमच्या गाडीचा नंबर लागतो. चावीच्या बिल्ल्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. बाथ आणि यॉर्कमध्ये शहराबाहेरच्या ‘पार्क अँड राइड’ला गाडी ठेवून बसने आत जा.

खोली ठरवताना

पत्र किंवा फोन थेट घरमालकांना करा. संकेतस्थळावरच्या भावापेक्षा कधी कमी पडतो, आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारता येतात. खोलीत एक मोठा पलंग आहे की दोन वेगळे, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे, बाहेर पण फक्त तुमचं आहे, की सगळ्यांत मिळून एक आहे? गाडी लावायला जागा आहे का? खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट गृहीत धरू नका. जिने उभे आणि वळणाचे असतात, आईवडील बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आधीच मागा. काही घरांत लहान मुलं घेत नाहीत, तेही विचारा. आठ-दहा जणांचा गोतावळा असेल तर बी-अँड-बीचा नाद सोडा आणि स्वयंपाकघर असलेलं अख्खं कॉटेज घ्या. ते हंगामात बहुधा आठवड्याच्या हिशेबाने मिळतं.

स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून अशा घरांना परवाना लागतो आणि जाहिरातीत त्याचा क्रमांक असतो. क्रमांक नसेल तर पैसे पाठवू नका. एडिंबरात २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर पहिल्या पाच रात्रींपुरता पाच टक्के पर्यटन-आकार आहे. जूनमधल्या स्कायसाठी चार-पाच महिने आधी ठरवा. खेड्यातला एक पिनकोड कधी मैलभर पसरलेला असतो आणि घराला क्रमांक नसून नाव असतं, म्हणून मालकांकडून वाट लिहून घ्या. फोनला रेंज नसेल हे धरून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

घरात शिरल्यावर

उशीर होणार असेल तर दुपारीच कळवा. घरातलं माणूस तुमच्यासाठी थांबलेलं असतं. खोली दाखवताना मालकीणबाई दाराची किल्ली देतात आणि नाश्त्याची वेळ विचारतात, कधी यादीवर खुणा करायला लावतात. शाकाहाराचं मात्र तेव्हा नको, खोली ठरवतानाच लिहा, आणि अंडं चालतं की नाही तेही. ‘शाकाहारी नाश्ता’ म्हटलं की अंडी, मशरूम, टोमॅटो, बीन्स, टोस्ट आणि भाजीचं सॉसेज येतं. ते बेकनच्याच तव्यात तळलेलं नको असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. काळं पुडिंग हे रक्ताचं असतं. अंडंही नको असेल तर पॉरिज, फळं, दही आणि टोस्ट-मार्मलेड यांवर पोट व्यवस्थित भरतं. संध्याकाळी यॉर्कशायरमध्ये चिप्स घेताना तेल कसलं ते विचारा, तिथल्या बऱ्याच दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात.

बाथरूममध्ये गरम पाणी येत नाही अशी तक्रार घेऊन खाली जाण्याआधी छताकडे बघा. विजेच्या शॉवरचा खटका बऱ्याचदा छतातून लोंबणाऱ्या दोरीला असतो. ती एकदा ओढली की वर छोटा लाल दिवा लागतो आणि मग शॉवरचं बटण चालतं. आंघोळ झाली की पुन्हा ओढून बंद करायची. दोरीच लाल रंगाची असेल तर ती मदतीच्या घंटेची, तिला हात लावू नका. टबचा पडदा आत सोडून आंघोळ करा. बाथरूमच्या जमिनीला निचरा नसतो, कधी तर चक्क गालिचा असतो, आणि सांडलेलं पाणी खालच्या खोलीच्या छतात उतरतं. जेट स्प्रे नसतो, एक प्लॅस्टिकची बाटली बॅगेत असू द्या. धुतलेले कपडे रेडिएटरवर टाकण्याआधी विचारा.

आपली पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. तीन चपट्या पिनांचं अडॅप्टर इथूनच न्या, दोन असलेली बरी. सॉकेटला स्वतंत्र बटण असतं, ते चालू करायला विसरू नका. खोलीत किटली, चहाच्या पुड्या आणि दुधाची इवलीशी भांडी ठेवलेली असतात. कपभर पाण्यात उपमा किंवा पोह्यांचं तयार पाकीट भिजवून खाण्याला कुणी हरकत घेत नाही, पण किटलीत दूध उकळणं किंवा खोलीत इंडक्शन लावणं म्हणजे धुराचा अलार्म वाजवून सगळं घर अंगणात उभं करणं. लोणच्याची बाटली घट्ट बंद ठेवा, पांढऱ्या चादरीवरचा तेलाचा डाग बिलात येऊ शकतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये रविवारी मोठी सुपरमार्केटं सहाच तास उघडी असतात, साधारण दहा ते चार किंवा अकरा ते पाच. रविवारी मुक्काम हलवत असाल तर पाणी, फळं, ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा.

शेवटच्या दिवशी यॉर्कहून निघताना हीथ्रोच्या अलीकडचा एम२५ (लंडनभोवतीचा मोटरवे) संध्याकाळी तुंबतो हे धरून चाला. विमान रात्रीचं असेल तर नाश्ता लवकर मागा किंवा आदली रात्र विमानतळाजवळ काढा. टाकी जवळच्या पंपावर भरून पावती ठेवा. गाडी देताना पुन्हा तेच सगळे फोटो काढा. अनामत सुटायला काही दिवस लागतात, आणि पार्किंग किंवा वेगाच्या दंडाची नोटीस आधी भाडे-कंपनीकडे जाऊन मग स्वतंत्र सेवाशुल्कासह कार्डावर येते, कधी महिन्याभराने. परतल्यावर त्या कार्डाचे परदेशी व्यवहार लगेच बंद करू नका आणि गाडीचे कागद निदान तीन महिने टाकू नका.